एबीए थेरपिस्टचं लायसन्स कसं तपासायचं, आणि गडबड झाली तर तक्रार कुठे करायची (अमेरिकेतल्या आईबाबांसाठी)

मुलाचं ऑटिझमचं निदान झालं की पहिल्या दोन महिन्यांत आपण इतके फोन करतो, इतक्या वेटलिस्टवर नाव घालतो की शेवटी एबीए (मुलाच्या वागण्यावर काम करणारी थेरपी) देणारं एखादं सेंटर "पुढच्या सोमवारपासून या" म्हणालं की देव पावल्यासारखं होतं आणि ते पुढे करतील त्या कागदावर आपण सही करून मोकळे होतो. मीही तेच केलं. घरी येणाऱ्या मुलीचं आडनावसुद्धा मला तीन आठवड्यांनी कळलं, लायसन्स वगैरे तर लांबच. वॉटर हीटर बदलायला आलेल्या माणसाला आम्ही लायसन्स नंबर विचारला होता हो, आणि मुलासोबत आठवड्याला पंधरा तास बसणाऱ्या व्यक्तीला नाही!

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: लायसन्स माणसाचं असतं, कंपनीचं नाही. भिंतीवर "ॲक्रेडिटेड" अशी चकचकीत फ्रेम लावलेली असते ती कंपनीने स्वतःहून घेतलेली असते, ती वाईट नाही, पण तिचा राज्य सरकारच्या लायसन्सशी काही संबंध नाही. म्हणून सेंटरच्या नावाने शोधून काही सापडत नाही, माणसांची नावं लागतात. पूर्ण नावं, सर्टिफिकेटवर आहेत तशी.

माणसं साधारण तीन पायऱ्यांवरची असतात. घरी किंवा सेंटरवर रोज मुलासोबत बसते ती बहुतेक वेळा आरबीटी, म्हणजे रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन. वय १८ पूर्ण, हायस्कूल पास, ४० तासांचं ट्रेनिंग, एक प्रत्यक्ष चाचणी आणि परीक्षा, बस. हे कमी लेखायला सांगत नाहीये, आमच्याकडे आलेली सगळ्यात चांगली व्यक्ती आरबीटीच होती, पण प्लॅन बनवणं किंवा बदलणं हे तिचं काम नाही हे माहीत हवं. मधली पायरी बीसीएबीए, म्हणजे बॅचलर्स डिग्रीवाली. आणि वरची बीसीबीए, म्हणजे प्लॅन बनवणारी बिहेवियर ॲनालिस्ट, जिच्याकडे मास्टर्स असते आणि साधारण दोन हजार तासांचं सुपरव्हाइज्ड काम केलेलं असतं. ही सगळी सर्टिफिकेट बीएसीबी नावाची खासगी संस्था देते, १९९८ पासून. ती सरकारी नाही. सरकारी लायसन्स त्याच्यावर वेगळं, आणि तिथेच आपल्या लोकांचा गोंधळ होतो, कारण "सर्टिफाइड" आणि "लायसन्स्ड" हे दोन शब्द सेंटरवालेसुद्धा एकाच दमात वापरतात.

आता लायसन्स कोण देतं? ते राज्यागणिक बदलतं. तीसपेक्षा जास्त राज्यांत लायसन्सचा कायदा आहे पण ऑफिस प्रत्येकाचं निराळं. आमच्या टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०१८ पासून लायसन्स लागतं आणि ते देतं टीडीएलआर, म्हणजे तेच खातं जे न्हाव्यांना, इलेक्ट्रिशियनना आणि गाडी ओढून नेणाऱ्या टो ट्रकवाल्यांना लायसन्स देतं (मला आधी वाटलं मी चुकीच्या वेबसाइटवर आले). न्यू जर्सीत २०२० च्या कायद्याने वेगळं बोर्ड झालं, ते कन्झ्युमर अफेअर्सच्या खात्याखाली येतं. न्यूयॉर्कमध्ये हे काम शिक्षण खात्याकडे, व्हर्जिनियात थेट बोर्ड ऑफ मेडिसिनकडे. आणि कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा मोठ्या राज्यांत बिहेवियर ॲनालिस्टला स्वतंत्र राज्य लायसन्सच नाही, तिथे बीएसीबीचं सर्टिफिकेट आणि इन्शुरन्स किंवा मेडिकेडचे (सरकारी आरोग्य विम्याचे) नियम यांच्यावरच भिस्त. त्यामुळे बे एरियातल्या मैत्रिणीने सांगितलेली प्रोसेस ऑस्टिनमध्ये चालेलच असं नाही, आणि उलटही.

तपासायचं कसं, तर बसून पंधरा मिनिटांचं काम आहे. पहिल्या मीटिंगआधी ईमेल टाका की "माझ्या मुलाच्या केसवर असणाऱ्या बीसीबीए आणि आरबीटी दोघांची पूर्ण नावं, सर्टिफिकेट नंबर आणि राज्य लायसन्स नंबर पाठवा." फोनवर विचारू नका, ईमेलच, म्हणजे उत्तर लेखी राहतं. मग बीएसीबीच्या साइटवर रजिस्ट्री असते, फुकट, लॉगिन नको, तिथे नाव टाका. ॲक्टिव्ह आहे का, मुदत कधी संपते आणि शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तिची नोंद, हे दिसतं. त्यानंतर राज्याच्या लायसन्स सर्चमध्ये तेच नाव पुन्हा टाका. दोन्हीकडे बघायचं, कारण एका ठिकाणी ॲक्टिव्ह आणि दुसऱ्या ठिकाणी एक्स्पायर असं होऊ शकतं, आणि राज्याने केलेल्या कारवाईच्या ऑर्डर राज्याच्याच साइटवर सापडतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.

आरबीटीच्या नावाने राज्याच्या साइटवर काही आलं नाही तर घाबरू नका. बहुतेक राज्यांत आरबीटीला राज्याचं लायसन्स लागतच नाही, ती लायसन्स्ड ॲनालिस्टच्या देखरेखीखाली काम करते. वॉशिंग्टन आणि ओरेगनसारख्या थोड्या राज्यांत टेक्निशियनची पण सरकारी नोंद होते. पण आरबीटीचं नाव बीएसीबीच्या रजिस्ट्रीतही नसेल तर मात्र विचारा. उत्तर येईल "तिचं ट्रेनिंग चालू आहे, परीक्षा पुढच्या महिन्यात." हे सर्रास चालतं, सगळीकडे बेकायदेशीर नाहीये, पण तुमचा इन्शुरन्स अशा व्यक्तीच्या तासांचे पैसे देतो का हा प्रश्न लगेच पुढे टाका.

देखरेखीवर जरा थांबते, कारण खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. बीएसीबीचा नियम असा की आरबीटी महिन्याला जितके तास थेरपी देते त्याच्या किमान ५ टक्के वेळ तिला सुपरव्हिजन मिळायला हवं, आणि महिन्यात निदान दोनदा सुपरव्हायझरशी समोरासमोर संपर्क हवा, त्यातल्या एकदा तरी ती मुलासोबत काम करताना बघायला हवं. ऐकायला छान. पण हे पाच टक्के त्या आरबीटीच्या सगळ्या मुलांचे मिळून धरतात! म्हणजे ती चार मुलं बघत असेल तर सगळं सुपरव्हिजन एका दुसऱ्याच मुलाच्या घरी होऊन तुमच्या वाट्याला शून्य आलं तरी कागदोपत्री नियम मोडला असं होईलच असं नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा: "माझ्या मुलासोबत बीसीबीए महिन्याला प्रत्यक्ष किती तास असणार, आणि ते कुठल्या वारी?" उत्तर लेखी घ्या. आमच्या बीसीबीए बाई पहिल्या सहा आठवड्यांत दोनदा दिसल्या, त्यातल्या एकदा लॅपटॉपवर, कॅमेरा बंद करून.

आणि हे पकडायला हेरगिरी करावी लागत नाही, इन्शुरन्सकडून येणारा ईओबी, म्हणजे कुठल्या दिवसाचं किती बिल आलं आणि किती दिलं त्याचा हिशेब, वाचायचा फक्त. मला माहितीये कुणी वाचत नाही. पण एबीएचे बिलिंग कोड मोजकेच आहेत, २०१९ पासून देशभर तेच चालतात, एकदा समजून घ्या: ९७१५१ म्हणजे असेसमेंट, ९७१५३ म्हणजे टेक्निशियनने मुलासोबत केलेलं सेशन, ९७१५५ म्हणजे बीसीबीएने स्वतः येऊन प्लॅनमध्ये बदल करणं, ९७१५६ म्हणजे आईबाबांचं ट्रेनिंग. एक युनिट म्हणजे १५ मिनिटं. तीन तासांचं सेशन म्हणजे १२ युनिट. आता फ्रिजवर एक साधं कॅलेंडर लावा, त्यावर थेरपिस्ट आल्याची आणि गेल्याची वेळ लिहा, आणि महिनाअखेरीला चहा घेऊन ते ईओबीसमोर ठेवा.

आमचं असंच उघडकीला आलं. फेब्रुवारीत आइस स्टॉर्म आला, रस्ते बंद, शाळा बंद, गुरुवारी सकाळीच थेरपिस्टचा मेसेज की येऊ शकत नाही. फ्रिजवर मी फुली मारली होती. ईओबीमध्ये त्याच गुरुवारी ९७१५३, १२ युनिट, आणि वर आमचे ३० डॉलर कोपे. पहिल्यांदा मी सेंटरला ईमेल केला, ते म्हणाले क्लेरिकल एरर, सॉरी, दुरुस्त करतो. ठीक आहे, माणसाकडून चूक होते. पण मग मी मागचे पाच महिने काढून बसले तर असे अजून तीन दिवस निघाले, त्यातला एक तर आम्ही गाव सोडून ट्रिपला गेलो होतो तो. आणि सही? सही माझीच होती. थेरपिस्ट शुक्रवारी टॅब्लेट पुढे करायची, "आठवड्याचं आहे, इथे साइन करा", आणि मी मुलाचा डबा बंद करता करता बोट फिरवायचे. तेव्हा हे बंद करा, आजपासून. रोजच्या सेशनची सही रोज, वेळ वाचून, आणि रिकाम्या किंवा पुढच्या तारखेच्या नोटवर अजिबात नाही.

हे फक्त आमच्यापुरतं आहे असंही नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना राज्याच्या मेडिकेडचं एबीए ऑडिट छापलं, त्यात २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत किमान ५६ मिलियन डॉलर चुकीचे दिले गेल्याचं म्हटलंय. नोट्स अपुऱ्या, सह्या नाहीत, डायग्नोसिसचे कागद नाहीत असल्या गोष्टी. म्हणजे नोट्स आणि सह्या हा किरकोळ कागदी घोळ नाहीये, मुद्दाच तो आहे.

आता तक्रार. आपली माणसं इथे दोन चुका करतात, एकतर गप्प बसतात नाहीतर एकच लांबलचक ईमेल सगळ्यांना पाठवतात, आणि मग प्रत्येक जण "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून हात झटकतो. आधी ठरवा की भानगड कुठल्या जातीची आहे.

मुलाला मारलं, कोंडलं, इजा झाली, लैंगिक काही असल्याचा संशय आला, तर बोर्ड-बिर्ड नंतर. लगेच धोका असेल तर ९११, नाहीतर राज्याची चाइल्ड ॲब्यूज हॉटलाइन, त्याच दिवशी. डॉक्टरकडे नेऊन खुणांचे फोटो आणि नोंद करून घ्या. सेंटर "आम्ही अंतर्गत चौकशी करतो, तोवर थांबा" म्हणालं तरी थांबायचं नाही.

पैशाचा घोळ असेल तर पहिलं दार इन्शुरन्स कंपनीच्या फ्रॉड विभागाचं. मेडिकेड असेल तर राज्याचं मेडिकेड फ्रॉड युनिट. फसव्या जाहिराती, न सांगता लावलेल्या फी, यासाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलचा कन्झ्युमर प्रोटेक्शन विभाग असतो. लायसन्स बोर्ड तुमचे पैसे परत मिळवून देत नाही, त्यांचं ते कामच नाही, हे माहीत नसल्यामुळे लोक तिथे वर्षभर वाट बघत बसतात.

इन्शुरन्सनेच तास कापले असतील तर तो भांडणाचा वेगळा विषय. आधी कंपनीकडे अपील, त्याला साधारण १८० दिवस मिळतात, मग एक्स्टर्नल रिव्ह्यू (कंपनीबाहेरच्या तटस्थ लोकांकडून तपासणी), त्यासाठी अर्ज करायला चार महिने. पण त्याच्याही वर तक्रार करायची असेल तर प्लॅन कसला ते बघा. आयटीतल्या मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुतेक सेल्फ-फंडेड (क्लेमचे पैसे कंपनी स्वतःच भरते असे) असतात, आणि त्यांच्यावर राज्याच्या इन्शुरन्स खात्याचं काही चालत नाही, तिथे केंद्राचं लेबर खातं बघतं. टेक्ससमध्ये सोपी खूण आहे, कार्डावर टीडीआय किंवा डीओआय ही अक्षरं असतील तर राज्याच्या ताब्यातला प्लॅन. बाकीच्यांनी सरळ एचआरला विचारा.

शाळेतल्या थेरपीबद्दल असेल तर तिसरंच दार, राज्याच्या शिक्षण खात्याकडे आयडीइए (अपंग मुलांच्या शिक्षणाच्या) कायद्याखाली तक्रार, घटनेपासून एका वर्षाच्या आत. शाळेत नोकरी करणाऱ्यांना कित्येक राज्यांत लायसन्सच्या कायद्यातून सूट असते, तेव्हा बोर्डाकडून "आमच्या कक्षेत नाही" असं पत्र आलं तर तो कुणी कट केलेला नसतो.

मग बोर्डाकडे काय न्यायचं? त्या माणसाचं व्यावसायिक वागणं. लायसन्स नसताना काम करणं, खोट्या नोट्स, सुपरव्हिजन न देणं, तुमच्या संमतीशिवाय प्लॅन बदलणं किंवा मुलाला धरून ठेवण्यासारखे उपाय वापरणं, मुलाची माहिती बाहेर सांगणं, एका ईमेलने केस वाऱ्यावर सोडून जाणं. रिसेप्शनिस्ट उद्धट आहे, वेटलिस्ट लांब आहे, "आम्हाला बोलणं हवं होतं आणि ते टॉयलेट ट्रेनिंगवरच आहेत" हे बोर्डाचे विषय नाहीत, चिडचिड खरी असली तरी. बीएसीबीची एथिक्स कोड, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, ती एकदा वाचून काढा, आणि तुमच्या तक्रारीला तिच्यातलं कुठलं कलम लागतं ते बघा. वाचताना मजेशीर गोष्टी पण सापडतील. १० डॉलरच्या वरची भेट त्यांनी घ्यायची नसते, तेव्हा दिवाळीला थेरपिस्टच्या हातात ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड कोंबू नका, ती अडचणीत येते, चार चकल्या चालतील. आणि चालू क्लायंटकडे जाहिरातीसाठी "आमच्याबद्दल दोन छान शब्द बोला ना, व्हिडिओ करू" असं मागणं हेही कोडमध्ये बसत नाही.

राज्यात लायसन्स असेल तर आधी राज्याच्या बोर्डाकडे जा, तिथला निकाल बीएसीबीही बघते. लायसन्स नसलेल्या राज्यात, किंवा आरबीटीबद्दल असेल तर बीएसीबीकडे थेट. वेळेच्या मर्यादा असतात, तेव्हा "मुलाचं वर्ष संपू दे मग बघू" करू नका.

तक्रार लिहिताना राग बाजूला ठेवून तारखा लिहा. माझा पहिला मसुदा असा होता: "ही बाई अत्यंत बेजबाबदार असून आमच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला." नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, यात तपासायचं काय? बरोबर होतं त्याचं. शेवटी पाठवला तो असा: "अमुक तारखेला गुरुवारी सकाळी ७.४० ला टेक्निशियनचा न येण्याचा मेसेज आला (सोबत स्क्रीनशॉट १). त्याच तारखेला दुपारी ४ ते ७ सेशन झाल्याची नोट आहे (सोबत २). इन्शुरन्सला १२ युनिटचं बिल गेलं (सोबत ३)." अशा चार तारखा, दोन पानं, संपलं. विशेषणं शून्य.

सोबतचे कागद मिळवायचा तुमचा हक्क आहे. हिपा (आरोग्याच्या माहितीच्या) कायद्याखाली लेखी मागितल्यावर सेंटरने मुलाचं रेकॉर्ड, म्हणजे ट्रीटमेंट प्लॅन, रोजच्या नोट्स, बिलिंग, ३० दिवसांत द्यायचं असतं, फार तर एकदा अजून ३० दिवस वाढवून. दिलं नाही तर केंद्राच्या आरोग्य खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे १८० दिवसांत तक्रार करता येते. माझा सल्ला, आधी रेकॉर्ड मागा आणि मग तक्रारीचा विषय काढा. उलटं केलंत तर नोट्स अचानक फार सुबक होतात. कॅमेऱ्याचं मात्र जपून, काही राज्यांत समोरच्याला न सांगता आवाज रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन त्यातलीच. घरात कॅमेरा असेल तर पहिल्याच दिवशी लेखी कळवून टाका.

भीतीचं पण बोलूया. व्हिसावर असलेल्यांना वाटतं की सरकारी खात्याकडे तक्रार म्हणजे आपलं नाव कुठेतरी चढणार. मी भरलेल्या फॉर्मवर इमिग्रेशनचा एकही प्रश्न नव्हता. दुसरी भीती जास्त खरी आहे, की सेंटर मुलाला काढून टाकेल. तक्रार बहुतेक वेळा गुप्त राहत नाही, समोरच्याला उत्तर द्यायला ती दाखवतात, आणि चार तारखा वाचून कुणाचं घर ते त्यांना कळतंच. एथिक्स कोडप्रमाणे त्यांनी केस सोडताना नीट हस्तांतर करायला हवं, पण त्याच्या भरवशावर न राहता तक्रारीआधी दुसऱ्या दोन सेंटरच्या वेटलिस्टवर नाव घाला. आणि सेंटरने पैसे परत देऊन "तक्रार मागे घेतो" अशा कागदावर सही मागितली तर तिथल्या तिथे करू नका. प्रत्येक राज्यात अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी केंद्राच्या कायद्याने नेमलेली प्रोटेक्शन अँड ॲडव्होकसी संस्था असते, त्यांना फोन करा, फुकट असतं.

पुढे काय होतं ते सांगते म्हणजे अपेक्षा ठीक राहतील. आधी त्यांच्या कक्षेत येतं का ते बघतात, मग केस नंबर, मग तपासनीस फोन करतो, समोरच्याचं उत्तर मागवतो, आणि शेवटी काहीच नाही, ताकीद, दंड, प्रोबेशन, निलंबन किंवा लायसन्स रद्द यातलं काहीतरी. महिने जातात. आमच्या केसमध्ये इन्शुरन्स आधी हलला, सात आठवड्यांत चार सेशनचे क्लेम उलटले आणि १२० डॉलरचा चेक आला. बोर्डाचं पत्र यायला जवळजवळ वर्ष लागलं, अर्धं पान, चौकशी पूर्ण झाली इतकंच. तोवर मुलगा दुसऱ्या सेंटरला रुळला होता. तिथल्या बीसीबीएच्या लायसन्सची मुदत येत्या ऑक्टोबरात संपते, फोनवर रिमाइंडर लावून ठेवलाय.